देवीपुढे ठेवलेली डबी

एका छोट्या तंत्रज्ञान कंपनीच्या संचालकाने रत्नागिरीजवळच्या एका गावाला फसवलं. त्या गावाने आपल्याच एका माणसाला वाऱ्यावर सोडलं. आणि आमच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याने या दोन्ही गोष्टी होऊ दिल्या. तिघांपैकी तुरुंग फक्त पहिल्याने पाहिला, तोही काही महिने. निवृत्तीनंतर माझ्या डोक्यात पुष्कळ गुन्हे एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका खुनातला साक्षीदार दुसऱ्याच दरोड्यात दिसतो. हे प्रकरण मात्र अजून तारीखवार आठवतं, आणि आठवलं की दुपारची झोप जाते.

तेव्हा मी जिल्ह्याच्या ठिकाणी फसवणुकीच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या शाखेत निरीक्षक होतो. मी मूळचा हर्ण्याचा. आई संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन दापोलीला विकायची. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत वर आलो. मला कोणी हात धरून वर नेलेलं नाही. घासाघीस करण्याची सवय आणि लवकर तापणारं डोकं, दोन्ही मी त्या लिलावातून घेऊन आलो. पहिल्या गोष्टीचा तपासात उपयोग झाला, दुसरीमुळे बदल्या झाल्या.

एका दुपारी मी डबा उघडला होता, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून बाकावर बसून आहेत आणि काय काम आहे ते तुम्हालाच सांगणार म्हणतात. आत आले ते साधारण पासष्टीचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. पोफळीच्या वीजगृहात तीस वर्षं ऑपरेटर होते आणि निवृत्त होऊन गावी राहायला आले होते. नाव लिहायचं नाही म्हणून मी त्यांना ऑपरेटरच म्हणतो.

त्यांनी पिशवीतून दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या काढल्या. साबणाच्या वडीएवढी एकेक, आणि दोन्हींवर हिरवा दिवा लुकलुकत होता. मग दोन शंभरपानी वह्या काढल्या.

"साहेब, ही हवामानाची डबी. आंब्याच्या कलमाच्या फांदीला बांधायची. बागेतला ओलावा आणि उष्णता ती मोजते आणि मोबाइलवर दाखवते. त्यावरून फवारणी कधी करायची ते कळतं, असं कंपनी सांगते."

"मग?"

"मग मी ही एक डबी तांदळाच्या पिंपात ठेवली आणि ही दुसरी न्हाणीत. आठ दिवस दर तासाला दोन्हींची नोंद घेतली. ही वही पिंपाची, ही न्हाणीची."

मी वह्या उघडल्या. आखीव रकाने, टोकदार अक्षर. आठ दिवसांच्या नोंदींमध्ये दोन वह्यांत एका आकड्याचाही फरक नव्हता.

"तांदूळ आणि न्हाणी यांचा ओलावा सारखा असेल तर आमच्या घरातला भात आतापर्यंत कुजला असता," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी डबा बाजूला सारला आणि त्यांना चहा मागवला. कोणावर विश्वास ठेवायचा हे पोलिसाला फार लवकर ठरवावं लागतं. जो माणूस आपलंच म्हणणं खोटं पडतंय का हे आधी तपासून येतो, त्याच्यावर मी कायम विश्वास ठेवला आहे.

प्रकरण असं होतं. कंपनीचा संचालक त्याच परिसरातला, इंजिनिअर झालेला, तिशीतला तरुण. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत काचेचं कार्यालय, सहासात नोकर. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराने कंपनीत पैसे घातले होते. मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी तिथल्या ग्रामस्थ मंडळातून घातले होते. किती, ते वर्तमानपत्रांनी तेव्हा पुष्कळ छापलं, मी पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं बाहेर नाव झालं की एखादी मोठी परदेशी कंपनी तिला विकत घेईल आणि मग प्रत्येकाच्या हिश्शाची किंमत कित्येक पटींनी वाढेल, असा शब्द होता. बाहेर नाव व्हायला फक्त थोडा वेळ लागणार होता. तो थोडा वेळ चार वर्षं चालला होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला संचालकाचा निरोप यायचा, की बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत, कोणी बाहेर वाच्यता करू नये. आणि गाव वाच्यता करत नव्हतं. उलट पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून रस्त्यालगतच्या बागांत डब्या बांधून ठेवत होतं.

"तुम्ही हे आधी कोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"लेखी अर्ज दिलाय. आमच्या हद्दीच्या ठाण्यात, सात महिन्यांपूर्वी. वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या." त्यांनी पोच दाखवली. शिक्का होता, आवक क्रमांक होता.

मी त्या ठाण्यातून अर्जाची प्रत मागवली. चार दिवसांनी आली. तीन ओळींचा शेरा होता: संचालकास बोलावून जबाब घेतला, बाब दिवाणी स्वरूपाची दिसते, अर्ज दप्तरी दाखल. खाली प्रभारी अधिकाऱ्याची सही. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दप्तरी दाखल म्हणजे कागद कपाटात गेला आणि पुन्हा कोणी त्याला हात लावणार नाही. डब्या मागवून पाहिल्याची एक ओळसुद्धा त्यात नव्हती.

मी संचालकाला बोलावलं. तो वकिलाशिवाय आला, नमस्कार करून बसला आणि आवाज न चढवता बोलला.

"साहेब, एक माणूस सोडला तर गावात माझ्याविरुद्ध कोणी आहे का? आता कंपनीवर गुन्हा दाखल झाला तर येणारं गिऱ्हाईक पळेल. नुकसान माझं होईल, त्याहून जास्त गावाचं. तुम्ही दुसरा एक तक्रारदार आणा, मी स्वतः कुलूप लावून किल्ली तुमच्या टेबलावर ठेवतो."

तो इतका निर्धास्त का आहे ते मला कळत नव्हतं. शिमगा उलटल्यावर मी गावात गेलो, तेव्हा कळलं.

माझ्यासोबत एक महिला हवालदार होत्या, संगमेश्वर भागातल्या. घाटावरच्या अधिकाऱ्याला ज्या गोष्टी समजायला वर्ष लागतं, त्या यांना गाडीतून उतरता उतरता दिसायच्या. देवळाच्या सभामंडपात गाव जमलं होतं. चाळीसएक घरांची माणसं. मधोमध गावकार बसले होते. देवस्थानात पहिला मान त्यांचा, त्यामुळे गावात शेवटचा शब्दही त्यांचा. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बंडी, पाय अनवाणी.

"तक्रार कोणाला द्यायची आहे?" मी विचारलं.

सगळ्यांनी गावकारांकडे पाहिलं.

"तुमचे पैसे गेले आहेत, हे कळतंय का?"

"गेले नाय, लागलेत," गावकार म्हणाले. "आमी थांबलाव. देवीन कौल दिलान."

माझं डोकं तापलं. मी बरंच काही बोललो. आम्हाला फसवा असं कपाळावर लिहून घेतलंय का, मुंबईत हमाली करणाऱ्या पोरांचे पैसे आहेत, लाज वाटत नाही का, असलं. गावकार शांतपणे उठले, धोतर झटकलं आणि घरी निघाले. त्यांच्या मागोमाग सगळा मंडप रिकामा झाला.

हवालदार बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "हा काय हर्ण्याचा लिलाव नाय. मोठ्यान बोलला तो जिंकला, असा इथं नसता."

मग त्यांनी मला नीट सांगितलं. गावावर मोठा निर्णय आला की देवीला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावाच्या वतीने प्रश्न घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार. एकदा कौल मिळाला की तो गावाला बांधून घेतो. संचालकाने हेच केलं होतं. नारळ घेऊन आला, आणि गाव धीर धरील तर कंपनीचं नाव होईल काय, असा प्रश्न घालायला लावला. पाकळी उजवी पडली. त्या दिवसापासून पोलिसात जाणं म्हणजे देवीचा शब्द मोडणं झालं.

ऑपरेटर माझ्याकडे आले ते कौलानंतर. गावाने त्यांना वाळीत टाकलं. दुकानात सामान मिळेना. सख्खा चुलतभाऊ रस्त्यात मान फिरवायचा. शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते, दारात सुवासिनी ओटी भरतात. त्यांच्या घरावरून ती पुढे गेली. त्यांच्या पत्नी ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी घरी गेलो तेव्हा बाई बोलल्या.

"ह्यांना त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "आकडा बरोबर आला की ह्यांचं पोट भरतं. मला पालखी हवी. लग्न होऊन आले तेव्हापासून चुकली नव्हती."

ऑपरेटर खाली मान घालून वही चाळत होते. "तिला एकदा दारात पालखी बघायला मिळाली पाहिजे, साहेब," ते हळूच म्हणाले. "मला बाकी काही नको."

ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा कडक आहे, पण त्याला जबाब लागतात. एका माणसाच्या जबाबावर मी कंपनीला सील लावू शकलो नसतो. परत निघालो तेव्हा हवालदार बाईंनी गाडीत बसता बसता विचारलं, "साहेब, कौल लावताना त्याने देवीपुढे काय ठेवलान, ते विचारलंत?"

"म्हणजे?"

"ज्याबद्दल विचारायचा, ती वस्तू पुढे ठेवतात. बियाणं असेल तर बियाणं. होडी असेल तर तिचा दोर. नुसत्या तोंडान विचारत नाय."

मी गाडी सुरू होऊ दिली नाही. आम्ही गुरवाच्या घरी परत गेलो. त्याने सांगितलं, डबी ठेवली होती. ती अजून देवळातच आहे, देवीच्या डाव्या हाताला कोनाड्यात. दिवा अजून लागतो. कोणी हात लावलेला नाही.

ती डबी मी जप्त करू शकत होतो, कायदा माझ्या बाजूने होता. पण ठाण्यात नेऊन उघडली असती तर पोलिसांनी बदलली असं गाव म्हणालं असतं, आणि गावाच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत गावकारांच्या अंगणात गेलो. आधी कालच्या बोलण्याची माफी मागितली. मला ते जड गेलं.

"डबी मी उघडणार नाही," मी म्हणालो. "तुमच्या हाताने उघडा. आत यंत्र निघालं तर मी देवीपुढे नारळ ठेवतो आणि या गावात पुन्हा पाऊल टाकत नाही."

"आणि नाय निघाला तर?"

"उद्या अकरा वाजता सगळे जबाबाला."

गावकारांनी सुपारी कातरली. घाई केली नाही. "देवीच्या पुढ्यातली वस्तू उघडायची तर परत विचारायला हवा."

"विचारा. मी थांबतो."

"आणि कौल डावा पडला तर?"

"तर मी जातो. पण कारण लिहून द्यायचं. गावकार म्हणून सही करायची, की डबी उघडू दिली नाही."

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "सायेब, तुमी मासळी घेतलात तर कोळणीला रडवाल."

"कोळणीचाच मुलगा आहे मी."

तिथे ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "उद्या अकरा नाय. एसटी दुपारची हाय."

"पोलिसांची गाडी पाठवतो."

"पोलिसांच्या गाडीत गाव बसणार नाय. एसटीनच येऊ. दोन वाजता."

"दोन वाजता," मी म्हणालो. सौदा झाला.

कौल उजवा पडला. मी शेजारच्या वाडीतले दोन शिक्षक पंच म्हणून बोलावले. हवालदार बाईंनी सभामंडपात सतरंजीवर बसून पंचनामा लिहायला घेतला. गावकारांनी स्नान करून डबी बाहेर आणली. स्क्रू काढायला ऑपरेटर पुढे झाले, तर गावकारांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं आणि पेचकस स्वतः फिरवला. तो दोन वेळा घसरला.

आत एक बॅटरी होती. दिव्याला जाणारी तार होती. आणि वजन यावं म्हणून ओतलेला प्लॅस्टरचा गोळा. दुसरं काही नव्हतं.

गावकारांनी गोळा तळहातावर घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि गुरवाकडे बघून म्हणाले, "रिकामी वस्तू ठेवलान. आयसमोर रिकामी वस्तू ठेवलान." पैशांबद्दल त्या वेळी कोणी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दोनच्या एसटीने एकोणचाळीस माणसं आली. संध्याकाळपर्यंत आम्ही जबाब घेत होतो, पुढे तीन दिवस मुंबईकरांचे चालले. गुन्हा दाखल झाला, संचालकाला अटक झाली, कार्यालयाची झडती झाली. मागच्या खोलीत रिकाम्या डब्यांची पोती आणि एका बादलीत प्लॅस्टर मिळालं.

कोठडीत मी त्याच्यावर ओरडलो नाही. त्याची गरज राहिली नव्हती.

"पहिल्या वीस डब्या खऱ्या होत्या, साहेब," तो म्हणाला. "त्यांची चाचणी केली होती. चालत होत्या."

"आणि पुढच्या?"

"एका खऱ्या डबीला जेवढा खर्च लागतो, तेवढ्यात तीस रिकाम्या होतात. सगळीकडे दिसायला तर पाहिजे. दिसलं तर नाव होणार, नाव झालं तर मोठं भांडवल येणार, मग सगळ्या बदलून द्यायच्या होत्या. मोबाइलवर मी रत्नागिरीचं हवामान सोडत होतो, ते काय खोटं नव्हतं."

"गावाचे पैसे कुठे गेले?"

"नाव करण्यात." प्रदर्शनांतले गाळे, काचेचं कार्यालय, कंपनीबद्दल चांगलं लिहिणारी माणसं, विमानाची तिकिटं. झडतीत सापडलेले कागद तेच सांगत होते. स्वतःसाठी त्याने एक जुनी मोटारगाडी सोडली तर फार काही केलं नव्हतं. मला त्याची दया आली नाही, पण एक गोष्ट कळली. गाव जेवढ्या आशेने वाट बघत होतं, तेवढ्याच आशेने हाही बघत होता. फक्त डबीत काय आहे ते याला माहीत होतं.

"देवीपुढे तरी खरी ठेवायचीस."

"तोपर्यंत खरी एकही उरली नव्हती."

"कौलाचं तुझ्या डोक्यात कसं आलं?"

"ठाण्यात बोलावलं होतं ना, त्या अर्जावर. जबाब झाल्यावर साहेब म्हणाले, अर्ज मी बघतो, तू तुझं गाव सांभाळ, दुसरा अर्ज यायला नको. मी विचार केला, गाव कशाने सांभाळलं जातं."

त्याने अधिकाऱ्याचं नाव सांगितलं. शेऱ्याखाली होतं तेच. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दोषारोपपत्राचा मसुदा वरून तपासून परत आला तेव्हा त्यातून ती वाक्यं काढलेली होती. आरोपी पोलिसांपुढे काय बोलतो त्याला पुराव्यात किंमत नसते, असं मला समजावण्यात आलं. कायदा मला शिकवायची गरज नव्हती. मी एवढंच म्हणालो, की खातेनिहाय चौकशीत तरी किंमत असेल. चौकशी झाली. ती माझी झाली. गुन्हा नोंदवण्यास विलंब का झाला याचा खुलासा करा, असा मेमो मला आला, कारण तपास माझ्याकडे होता. मी सात पानी खुलासा दिला. माझी बढती त्या वर्षी राहिली आणि पुढे वयच झालं. दप्तरी दाखल करणारा आज बराच वरच्या पदावर आहे.

माझं सोडा. निवृत्त झाल्यावर पहिल्या शिमग्याला मी त्या गावात गेलो, ऑपरेटरांच्या घरी उतरलो. अंगण सारवलेलं होतं, बाईंनी ताट तयार केलं होतं. पालखी आली नव्हती, म्हणून मी गावकारांकडे गेलो.

"आता तर सगळं उघड झालं," मी म्हणालो. "तो माणूस खरा ठरला."

"खरा ठरला," गावकार म्हणाले. "आमी कुठं नाय म्हणतो. पण तो तुमच्याकडं आला तेव्हा कौल उभा होता. डबी मागाहून उघडली. त्यानं देवीपुढे नारळ ठेवावा आणि चुकलो म्हणावा. पालखी लगेच दारात जाईल."

मी परत येऊन निरोप सांगितला. ऑपरेटरांनी ऐकून घेतलं. "साहेब, मी चुकलो नाही," ते म्हणाले. "चुकलो नाही तर चुकलो कसं म्हणू? तीस वर्षं मी एकही नोंद खोटी केलेली नाही."

"काका, एका वाक्याचा प्रश्न आहे. बाईंसाठी म्हणा."

त्यांनी पत्नीकडे पाहिलं. बाई ताट उचलून आत गेल्या. "नका म्हणू," आतून आवाज आला. "अशी आणलेली पालखी मला नको."

वाळीत टाकण्याविरुद्ध आता कायदा आहे. मी तक्रार द्यायला सांगितलं, त्यांनी दिली नाही. पोलीस बंदोबस्तात पालखी दारात आणून काय करायचं, असं म्हणाले. अंगणातल्या खुर्चीवर बसून आम्ही ढोल ऐकले. ते वरच्या आळीकडे गेले आणि मग खाली उतरले. आयुष्यभर घासाघीस केली, पण तिथे माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षी दोघं घर बंद करून चिपळूणला मुलीजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. फसलेला माणूस तक्रार द्यायला लाजतो, हे मला आधीच माहीत होतं. आशेवर बसलेला माणूस त्याहून अवघड. तो चोराची राखण करतो आणि त्याला जागं करणाऱ्याला शत्रू मानतो. अशा गावात ज्याला पहिल्यांदा संशय येतो तो एकटाच असतो, आणि त्याच्या हातात एका अर्जाशिवाय काही नसतं. तो अर्ज ज्याच्या टेबलावर येतो, त्याने दोन डब्या मागवून पेचकस फिरवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा कौल लागलेला नव्हता. कोणी वाळीत नव्हतं. पालखी त्या घराला चुकलेली नव्हती.

मी माहितीच्या अधिकारात दोनदा अर्ज केला. ऑपरेटरांच्या त्या पहिल्या अर्जाच्या चौकशीचे कागद मागितले. एकदा उत्तर आलं की कागद शोधून मिळत नाहीत, दुसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. माझ्याकडे प्रत आहे, शेरा आहे, सही आहे. ती सही करणारा अधिकारी हे वाचेल याची मला खात्री आहे. त्याने मला काही सांगू नये. चिपळूणला जावं, त्या खोलीत त्या बाईंच्या समोर बसावं, आणि डबी का उघडली नाही आणि संचालकाला गाव सांभाळायला का सांगितलं, याचं उत्तर द्यावं.